तांदळाला पाय लागला आणि खेळ थांबला

दोन वर्षांपूर्वी रंगीत तांदळात खेळणाऱ्या मुलांचे व्हिडिओ बघून बघून मला पण हुरूप आला आणि मी वर्गात रंगवलेला तांदूळ घेऊन गेले. निळा, हिरवा, पिवळा. मोठ्या परातीत ओतला, त्यात वाट्या, चमचे, दोन प्लॅस्टिकचे डायनोसॉर टाकले आणि पहिलीची पोरं बस्करं टाकून गोल बसवली. पाच मिनिटांत थोडा तांदूळ सांडला आणि एकाचा पाय त्याच्यावर पडला. ते पोरगं लगेच खाली वाकलं, तांदळाला बोटं लावून छातीला लावली आणि मागे सरकून बसलं ते परत पुढे आलंच नाही. बाकीच्यांनी पण हात काढून घेतले. एक मुलगी हळूच म्हणाली, "बाई, आई वरडंल."

बरोबरच होतं तिचं. अन्नाला पाय लागला तर नमस्कार करायचा हे ज्यांच्या अंगवळणी पडलंय त्यांच्यासमोर मी जेवायची वस्तू खेळायला ठेवली होती. दुसऱ्या दिवशी परात तीच, पण आत ओढ्याची चाळलेली वाळू. पोरं तुटून पडली. पैसे पण वाचले ते वेगळंच.

हे आधी सांगितलं कारण 'सेन्सरी ॲक्टिव्हिटी' आणि 'एसईएल' हे शब्द हल्ली ट्रेनिंगमधे सारखे कानावर पडतात आणि ऐकून असं वाटतं की यासाठी ऑनलाइन मागवलेलं सामान, दाढीचा फोम, रंगीत पास्ता असलं काहीतरी लागतं. सेन्सरी ॲक्टिव्हिटी म्हणजे हाताला, कानाला, नाकाला, जिभेला, डोळ्याला काहीतरी काम देणारी कृती, बस. एसईएल म्हणजे सोशल इमोशनल लर्निंग, आपल्याकडे कागदोपत्री सामाजिक-भावनिक शिक्षण. अमेरिकेत १९९४ साली कॅसल नावाची संस्था याच कामासाठी सुरू झाली आणि त्यांनी याचे पाच भाग पाडलेत: आपल्याला काय वाटतंय ते ओळखणं, ते आवरता येणं, समोरच्याला काय वाटत असेल ते समजणं, दुसऱ्याशी जमवून घेणं, आणि नीट विचार करून ठरवणं. म्हणजे आपल्या आज्या जे "जरा समजून घे, दुसऱ्याचा विचार कर" म्हणायच्या तेच, फक्त आजी ते एका वाक्यात उरकायची आणि ते कसं करायचं हे काही सांगायची नाही.

आता या दोन गोष्टींचा संबंध काय? वाळूत हात घालून राग कसा कळणार?

जरा आपली भाषा बघा. परीक्षेच्या आधी पोटात गोळा येतो. रागाने तळपायाची आग मस्तकात जाते. भीतीने हातपाय गळतात, अंगावर काटा येतो, छातीत धडधडतं, रडू दाबलं की घशाशी आवंढा येतो, लाजेने कान लाल होतात. मराठीत भावना सांगायच्या म्हणजे शरीराचा एकेक अवयव धरूनच सांगाव्या लागतात, आणि हे नुसतं बोलण्यापुरतं नाहीये. शरीराच्या आत काय चाललंय त्याच्या खबरा सतत मेंदूकडे जात असतात, हृदय किती जोरात धावतंय, पोट आवळलंय का, श्वास अडकलाय का, भूक लागलीय का. याला इंटरोसेप्शन म्हणतात, आतली जाणीव म्हणू. मोठ्या माणसाला या खबरीवरून अंदाज येतो की आपण चिडलोय किंवा आपल्याला टेन्शन आलंय. सहा वर्षांच्या मुलाला खबर तर येते पण तिचं नाव माहीत नसतं. म्हणून ते सांगतं "पोट दुखतंय" आणि आपण ओवा देतो.

आपण शाळेत पाच इंद्रियं शिकवतो पण खरं तर याखेरीज निदान तीन अजून आहेत. एक ही आतली जाणीव. दुसरी तोल सांभाळणारी, ती कानाच्या आत असते, तिथे तीन अर्धगोल नळ्या आहेत आणि डोकं हललं की त्यातलं पाणी हलतं, फुगडी घालून थांबल्यावर जमीन फिरते ती याच्यामुळे. तिसरी स्नायू आणि सांध्यांची, म्हणजे डोळे मिटून पण आपला हात कुठे आहे ते कळतं ती. वर्गात जे मूल सारखं खुर्ची मागेपुढे करतं, दुसऱ्याच्या अंगावर रेलतं, भिंतीला घासत चालतं, त्यातल्या काहींचं शरीर अजून हालचाल, अजून दाब मागत असतं, ते सगळं आगाऊपणाने करत नसतं.

आणि "शांत बस" म्हणून ते का होत नाही याचं कारण कपाळाच्या मागे आहे. स्वतःला थांबवणारा, विचार करून वागायला लावणारा मेंदूचा भाग कपाळामागे असतो आणि तो पूर्ण तयार व्हायला वयाची पंचविशी उजाडते. पहिलीतलं पोरगं रागाने लाल झालेलं असताना आपण त्याला समजावतो तेव्हा ज्या भागाशी आपण बोलतोय तो भाग त्या वेळी फोनच उचलत नसतो. शरीराच्या वाटेने मात्र जाता येतं. लांब सावकाश श्वास सोडला की हृदयाची गती खाली येते, हे सगळ्यांच्याच शरीरात होतं, त्याला समजूत लागत नाही. लहान मुलांना "दीर्घ श्वास घ्या" म्हटलं की ती छाती फुगवतात, खांदे कानाला लावतात आणि श्वास धरून एकमेकांकडे बघत बसतात. त्यापेक्षा चहा. हाताचा द्रोण करायचा, त्यात गरमागरम चहा आहे, आधी वास घ्या, आल्याचा आहे का वेलचीचा, आता फुंकर मारून गार करा, हळू, नाहीतर सांडेल. पाचसहा फुंकरा मारल्या की श्वास आपोआप लांब सुटलेला असतो.

पण मुख्य मुद्दा हा की नुसती वाळू, माती, चिकणमाती, पाणी समोर ठेवून एसईएल होत नाही. मूल रमतं, हात चालतात, वर्ग अर्धा तास गप्प, बाईला चहा प्यायला वेळ मिळतो, आणि संपलं. शिकणं होतं ते त्या खेळाच्या पोटात जे बोलणं होतं त्यात. खेळ म्हणजे फक्त दार उघडणं.

परातीतलीच गोष्ट घ्या. आधी मी चार मुलांना चार वाट्या द्यायचे म्हणजे भांडणं नकोत. मग लक्षात आलं की भांडण नको म्हणून मी शिकायची जागाच काढून घेतलीय. आता चार मुलांत तीन वाट्या. मुद्दाम. पहिले दोन दिवस हिसकाहिसकी, "बाई, त्यो वाटी दीना" वगैरे, आणि मी लगेच न्याय करायला जात नाही, फक्त जवळ बसते आणि दिसतंय ते मोठ्याने बोलते, "तुझ्या मुठी आवळल्यात. ती मघापासून वाट बघतेय. आता काय करायचं?" तिसऱ्या-चौथ्या दिवशी पोरं स्वतः काहीतरी काढतात. एका गटाने गाणं म्हणायला सुरुवात केली, गाणं संपलं की वाटी पुढे. एका गटाने सरळ वाटी बाजूला ठेवली आणि सगळ्यांनी ओंजळ वापरली, मला तर सुचलंच नसतं. फक्त हे भुकेच्या वेळी करू नका, खिचडीच्या आधीचा अर्धा तास या कामाला एकदम वाईट.

दुसरा माझा आवडता खेळ ओळखपिशवीचा. कापडी पिशवीत चिंचोके, शिंपला, खडबडीत दगड, कापूस, नारळाची शेंडी, गार चमचा असलं काहीही. एकाने आत हात घालायचा, बघायचं नाही, वस्तूचं नाव सांगायचं नाही, फक्त हाताला कसं लागतंय ते सांगायचं आणि जोडीदाराने ओळखायचं. गुळगुळीत, खरखरीत, टोचरं, बुळबुळीत, लिबलिबीत, चरचरीत, मराठीत या बाबतीत श्रीमंती आहे बघा. आता यात एसईएल कुठे? सांगणाऱ्याला विचार करावा लागतो की समोरच्याला हे दिसत नाहीये, मला माहितीय ते त्याला माहीत नाही. समोरच्याला पूर्ण ऐकून घ्यावं लागतं. आणि जी मुलं बाहेरच्या वस्तूला "टोचरं" म्हणायला शिकली ती काही आठवड्यांनी सांगायला लागतात की "बाई, आज आत टोचतंय." हे मी ऐकलेलं आहे, आणि त्या दिवशी त्या मुलीच्या घरी काय झालं होतं ते मग कळलं, ते इथे नको.

याच्याच पुढचा भाग खडूचा. एका मुलाला व्हरांड्यात आडवं झोपवायचं, त्याच्या भोवती खडूने रेघ मारायची, तो उठला की जमिनीवर माणूस तयार. मग विचारायचं राग कुठे येतो, तिथे लाल. भीती कुठे, निळा. एकाने लाल रंग फक्त कानात भरला, एकीने दोन्ही तळहातांवर, आणि एक जण म्हणाला मला राग पाठीत येतो. आधी वाटलं उगाच काहीतरी बोलतोय, पण नंतर बघितलं तर चिडला की तो खरंच पाठ ताठ करून उभा राहतो. मारामारीच्या आधी मला आता पाठ दिसते. याआधी फक्त मारामारी दिसायची.

मातीचं तर आपल्याकडे वेगळं सांगायला नको, पोळ्याला बैल करायचेच असतात. माती मळायला जोर लागतो, बोटांना, मनगटाला, खांद्याला, आणि असं जोराचं काम केल्यावर बरीच मुलं निवांत होतात असा अनुभव आहे, ऑक्युपेशनल थेरपीवाले, म्हणजे रोजची कामं जमावीत म्हणून हालचालींचे सराव देणारे, याला हेवी वर्क म्हणतात. पाण्याची बादली दोघांनी मिळून आणणं, सतरंजी गुंडाळणं, भिंत ढकलणं हे पण त्यातच. यावर्षी एकाच्या बैलाचं शिंग दुसऱ्याने मोडलं, चुकून, आणि मी सवयीने म्हणणार होते "सॉरी म्हण" पण तोंड आवरलं. सॉरी म्हणून शिंग येत नाही. विचारलं, "आता याला काय लागेल?" तर मोडणारा गप्प, आणि ज्याचा बैल तो रडत रडत म्हणाला, "पाणी लागंल." दोघांनी बोट ओलं करून शिंग चिकटवलं, वाकडंच बसलं.

आणि फुगडी! मला कधीकधी हसू येतं की पार्टनर ॲक्टिव्हिटीचे पीडीएफ आपण डाउनलोड करतो आणि पंचमीला फुगडी घालणाऱ्या बायकांकडे बघत नाही. हात अडकवायचे, पाय जवळ आणायचे, मागे झुकायचं. जेवढं तुम्ही झुकाल तेवढा समोरच्यावर भरवसा टाकावा लागतो, एकाने हात सोडला की दोघं आपटतात, एक जोरात आणि एक हळू असेल तर फुगडी बसतच नाही. तोल, स्नायू, विश्वास, वेग जुळवणं सगळं एकाच खेळात. नवीन जोड्या लावताना मी आधी फक्त हात धरून मागे झुकून दहा आकडे मोजायला लावते, फिरायचं नाही. मुलगे आधी लाजतात, नंतर त्यांना आवरावं लागतं.

आवाजाचा खेळ वर्ग फार उधळलेला असेल तेव्हा. सगळे गोल बसतात आणि घुंगराचा एक पट्टा हातोहात फिरवायचा, पण तो वाजता कामा नये. तीसएक मुलं, एक घुंगरू. पहिल्या दिवशी चौथ्या मुलापाशीच वाजतं. मग पोरं एकमेकाला खुणेने सांगायला लागतात, पट्टा खालून हात लावून देतात, धसमुसळ्या मुलाच्या पाळीला आजूबाजूचे दोघं मदतीला येतात. इटलीच्या शिक्षणतज्ज्ञ मारिया मॉन्टेसरी, त्या मॉन्टेसरीबाईंनी पण शांततेचा एक खेळ वर्गात आणला होता, मुलं अगदी चुपचाप बसतात आणि लांबून कुजबुजत्या आवाजात आपलं नाव ऐकू आलं की अलगद उठून यायचं. त्यांचं पहिलं बालगृह १९०७ साली रोममधल्या गरीब वस्तीत निघालं, आणि १९३९ मधे त्या मद्रासला अड्यारला आल्या, शिक्षकांना शिकवलं. पण त्यांचं साहित्य महाग, मोजूनमापून केलेलं. ते आपल्याकडच्या पाड्यावर कसं परवडायचं याचं उत्तर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी शोधलं. १९४५ मधे बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, नंतर काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, आणि तिथे शंख-शिंपले, खडे, बिया, पानं हेच साहित्य झालं. मुलं शाळेत येईनात तर बालवाडी त्यांच्या अंगणात नेली, आणि गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरवली. म्हणजे चिंचोके वापरले की आपण काहीतरी स्वस्तातलं, दुय्यम करतोय असं वाटून घ्यायचं काही कारण नाही, याला ऐंशी वर्षांचा इतिहास आहे.

चवीचा एकच प्रयोग सांगते. आवळा द्या, वर पाणी प्यायला द्या, पाणी गोड लागतं आणि पोरांचे चेहरे बघण्यासारखे होतात. मग कोणाला आवडला, कोणाला नाही. अर्ध्या वर्गाला आवडतो, अर्ध्याला नाही, आणि दोन्ही बाजू खऱ्या असतात. "तुला आवडलं नाही पण मला आवडलं" हे वाक्य न भांडता म्हणता येणं ही काही छोटी गोष्ट नाही, सोसायटीच्या मीटिंगमधे मोठ्यांना पण जमत नाही ते.

आता शांत कोपरा. इंग्रजी शाळांमधे 'काम (calm) कॉर्नर' नावाचं प्रकरण असतं, गादी, उशा, मऊ खेळणी, चिडलेलं मूल तिथे जाऊन बसतं. मी पण केला. कोणी जाईना. मग एकाने सांगितलं, "कोपऱ्यात तर शिक्षा असते ना." कोपऱ्यात उभं राहा, अंगठे धर, हे मुलांनी घरी दादा-काकांकडून ऐकलेलं. तेव्हा मी जागा बदलून खिडकीखाली केली, तिला पोरांनी 'गारवा' नाव ठेवलं. तिथे एक गोधडी, वाळू भरून शिवलेली छोटी पिशवी मांडीवर ठेवायला, आणि पाणी-तेल भरलेली रंगीत बाटली, हलवली की थेंब सावकाश वर चढतात. दोन नियम. तिथे पाठवायचं नाही, ज्याचं त्याने जायचं. आणि चिडल्यावर पहिल्यांदा नाही तर आधी सगळ्यांनी शांत असताना तिथे बसून बघायचं, कारण बुडायला लागल्यावर पोहणं शिकवता येत नाही.

हे सगळं सगळ्यांना आवडेल असं मात्र नाही. काही मुलांना ओल्या मातीचा हात सहनच होत नाही, काहींना पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की कान झाकावे लागतात, काहींना कोणी मागून हात लावला तर दचकून मारतात. जबरदस्ती करायची नाही. चमचा द्या, काडी द्या, लांबून बघू द्या, बघणं पण सहभागच आहे. आणि असं एखादं मूल दिसलं म्हणून आपणच डॉक्टर होऊन "ऑटिझम असेल" वगैरे आई-वडिलांना सांगायचं नाही. काळजी वाटत असेल तर तालुक्याच्या विशेष शिक्षकांना दाखवा, शाळेत तपासणीला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं त्यांना सांगा, तिथून पुढे जिल्ह्याच्या केंद्रात पाठवता येतं.

याने खरंच फरक पडतो का? खरं सांगायचं तर अर्ध्याबद्दल भक्कम उत्तर आहे, अर्ध्याबद्दल नाही. एसईएल नीट शिकवण्याबद्दल २०११ मधे एक मोठा आढावा आला, २१३ कार्यक्रम, दोन लाख सत्तर हजारांवर मुलं, आणि त्यात वागणं तर सुधारलंच पण अभ्यासात पण फरक दिसला, म्हणजे शंभर मुलांना मार्कांप्रमाणे रांगेत उभं केलं तर मधलं मूल साधारण ११ जागा पुढे सरकेल एवढा. पण सेन्सरीच्या नावाने जे विकलं जातं त्याचं तसं नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मधे सांगितलं होतं की सेन्सरी थेरपीचे पुरावे मर्यादित आहेत, ठाम काही म्हणता येत नाही. २०१७ ची फिजेट स्पिनरची, म्हणजे बोटांवर गरगर फिरवायच्या त्या चकतीची, लाट आठवतेय ना, लक्ष लागतं म्हणून घेतले आणि लक्ष सगळं स्पिनरवरच लागलं. ब्रिटनमधे ८० हून जास्त शाळांत ११ ते १४ वर्षांच्या मुलांना माइंडफुलनेस, म्हणजे आत्ता या क्षणी काय चाललंय तिकडे शांतपणे लक्ष द्यायचं, हे शिकवून बघितलं, २०२२ मधे निकाल आले, नेहमीच्या शिकवण्यापेक्षा जास्त काही उपयोग दिसला नाही. म्हणून वाळूने मूल सुधारतं असं मी कोणाला सांगत नाही. वाळूपाशी बसलं की मूल बोलतं, एवढं सांगते.

सामानाबद्दल थोडं. गुंजा दिसायला कितीही सुंदर असल्या तरी वर्गात नकोत, ते बी विषारी आहे. पाण्यात फुगणारे रंगीत मणी अजिबात नकोत, गिळले तर पोटात फुगून आतडं अडवू शकतात. तीन वर्षांखालचं भावंड सोबत येत असेल तर चिंचोके, हरभरे उचलून ठेवा, नाकात जातात, माझ्या वर्गातून एक शेंगदाणा दवाखान्यात जाऊन निघालाय. वाळू धुऊन उन्हात वाळवा, रात्री झाकून ठेवा, नाहीतर मांजरं तिचा वेगळाच उपयोग करतात. आवळ्यासारखं काही खायला देणार असाल तर कोणाला काय चालत नाही ते आधी घरी विचारा.

वेळ कुठून आणायचा हा प्रश्न प्रत्येक शिक्षण परिषदेत येतो, दोन वर्ग एकत्र, शिवाय माहिती भरा, फोटो टाका. वेगळा तास काढूच नका. परिपाठात दोन मिनिटं चहाची फुंकर, भाषेच्या तासाला ओळखपिशवी, गणिताला वाळूच्या वाट्या मोजणं, म्हणजे तो तास पण झाला आणि हे पण झालं. २०२२ च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात तीन ते आठ वयासाठी खेळातूनच शिकवा असं म्हटलंय, तेव्हा कोणी विचारलं तर सांगायला पण सोपं.

आणि खेळ झाल्यावर झाडायचं कोणी? सुरुवातीला मीच झाडायचे. आता खराटा एक आणि झाडणारे चार, त्यावरून रोज नवीन भांडण. काल दोघींनी ठरवलं की एकीने झाडायचं आणि दुसरीने सुपलीत भरायचं, उद्या उलट. तिसरी म्हणाली, "आन मी?" त्यावर अजून चर्चा चालू आहे.